गोंडवन : एका देशनामाचा प्रवास

देश हा शब्द आपल्या भाषेत मोठा लवचिक आहे. सबंध भारताला आपण देश म्हणतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारालाही देश म्हणतो. आणि परमुलखात भेटलेल्या माणसाला आपले आजेपणजे 'तुमचा देश कोणता?' असे विचारीत, तेव्हा त्याच्या गावाजवळची नदी किंवा बाजारपेठ कळली तरी त्यांचे समाधान होई. आज ज्या देशनामाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे, ते या मधल्या मापाचे आहे. त्या देशाला आज सरहद्द नाही, राजधानी नाही, की सरकारी नकाशात जागा नाही. असे असूनही त्याचे नाव जगातील बहुतेक प्रमुख भाषांच्या भूगोलपुस्तकांत छापलेले आहे. ते नाव म्हणजे गोंडवन, किंवा हिंदी-इंग्रजी वळणाने गोंडवाना.

गोंदियाच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावाचे नाव कोठून आले याच्या दोन कथा घरोघर सांगतात. एक म्हणते की येथे गोंड लोक राहत म्हणून गोंदिया. दुसरी म्हणते की ते जंगलातून गोंद, म्हणजे डिंक, आणून येथे विकीत म्हणून गोंदिया. एका कथेत गावाला माणसाचे नाव मिळाले, दुसरीत मालाचे. या दोहोंपैकी खरी कोणती याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु माणूस की माल हा जो पेच या लहानशा कथांत दिसतो, तोच गोंडवन या मोठ्या नावाच्या इतिहासातही आहे.

इतिहास हा आमचा पेशा नव्हे. बिडी कामगार आणि तेंदूपाने तोडणारे मजूर यांच्या संघटनेत आमची उमर गेली, आणि जे वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले. या कामाने मात्र एक प्रश्न विचारावयास शिकविले : नाव ठेवले कोणी, आणि ते कोणाच्या कामास आले? घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारी बाई ही फार वर्षे कोणाचीच नोकर नव्हती. कारखानदार म्हणे, ती सट्टेदाराची. सट्टेदार म्हणे, ती आपल्या मर्जीची मालकीण. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप काम करणाऱ्या बाईसही कामगार म्हटले. बाई तीच, सूप तेच, पाने-तंबाखू तीच. पण त्या एका शब्दामागे ती मजुरी, रजा आणि ओळखपत्र मागू लागली. नाव ही नुसती हाक नसते, ते मागणीचे साधनही असते, हा अनुभव जमेस धरून आम्ही या देशनामाकडे पाहणार आहोत.

नाव दुसऱ्यांनी ठेवलेले

पहिली गोष्ट ही की, गोंडवन हे नाव गोंडांनी ठेवलेले दिसत नाही. गोंड हा शब्दच मुळी त्यांचा स्वतःचा नव्हे. गोंडी भाषा बोलणारा मनुष्य स्वतःला कोया किंवा कोइतूर म्हणवितो. गोंड हा शब्द शेजाऱ्यांनी दिला. तो कोठून आला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तो तेलुगूतील 'कोंड', म्हणजे डोंगर, या शब्दाशी जोडला. जनरल कनिंगहॅम यांनी तो 'गौड' या प्रदेशनामाशी जोडला. गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातील, म्हणजे द्राविडी भाषा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली तर डोंगराचा अर्थ आम्हांला अधिक पटतो. पण दोन्ही मतांत तो शब्द बाहेरूनच आलेला आहे.

पुढचा 'वन' किंवा 'वाना' हा तुकडाही दोन तऱ्हांनी वाचता येतो. संस्कृत शिकलेला मनुष्य त्याला वन, म्हणजे अरण्य, असे वाचतो आणि गोंडवन म्हणजे गोंडांचे रान असा अर्थ करतो. दुसरे लोक राजपुताना, भटियाना अशा नावांकडे बोट दाखवितात. तेथे शेवटच्या अक्षरांचा अर्थ रान नसून मुलूख असा आहे. हा वाद व्याकरणाचा दिसतो, पण त्यात बरेच काही गुंतलेले आहे. रान म्हटले की ते मोकळे, बेवारस, ज्याने कुऱ्हाड घातली त्याचे. मुलूख म्हटले की त्याला राजा आला, प्रजा आली, शेतसारा आला, इतिहास आला. पुढील चारशे वर्षांत जो जो सत्ताधीश येथे आला त्याने आपल्या सोयीप्रमाणे यांपैकी एक वाचन पत्करले.

आपल्या मराठी माणसानेही या भागाला एक नाव ठेवलेच होते. ते म्हणजे झाडी, झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून ही झाडीपट्टी होते. तिची बोली, तिची दंडार आणि रात्रभर चालणारी नाटके हे आपले वैभव आहे. परंतु हे नावही झाडे मोजते, झाडाखालच्या माणसाला मोजीत नाही. त्यामानाने गोंडवन हे नाव अधिक उदार म्हटले पाहिजे. परक्यांनी ठेवलेले असले तरी त्यात निदान तेथील माणूस आहे.

गडांचा मुलूख

या देशाचा राजकीय इतिहास लहान नाही. नर्मदेच्या काठी गढा-मंडला, सातपुड्यात खेरला आणि देवगड, दक्षिणेस चांदा अशी गोंडांची चार प्रमुख राज्ये होऊन गेली. त्या राजांची ओळख त्यांच्या गडांवरून होती. गढ्याचा राजा, देवगडचा राजा, चांद्याचा राजा असेच म्हणत. गढ्याच्या संग्रामशाहाच्या ताब्यात बावन्न गड होते अशी परंपरा आहे. या सर्वांचा मिळून एक देश, आणि त्याचे नाव गोंडवाना, ही कल्पना आपल्याला ठळकपणे दिसते ती दिल्ली-आग्र्याच्या दप्तरात. अकबराच्या पदरचा इतिहासकार अबुल फजल याने गढा-कटंग्याच्या स्वारीची हकीगत सांगताना हा गोंडांचा देश म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. त्याच स्वारीत राणी दुर्गावतीने १५६४ च्या जून महिन्यात, पराभव अटळ झाल्यावर, शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा रणातच देह ठेवला.

मोगलांना या देशाचे महत्त्व कशासाठी होते? खजिन्यासाठी आणि हत्तींसाठी. गढ्याच्या रानात रानटी हत्ती सापडत, आणि त्या काळी हत्ती म्हणजे सैन्याचे बळ. तेव्हा या नावाचा पहिला दरबारी अर्थ 'जेथून खंडणी व हत्ती येतात तो गोंडांचा मुलूख' असा होता. तथापि त्यात मुलूख हा अर्थ शाबूत होता, कारण खंडणी घ्यावयाची तर देणारा राजा मानावाच लागतो.

त्या राजांनी काय केले हे आज आपण फार थोडे सांगतो. देवगडचा राजा बख्त बुलंदशाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहराचा पाया घातला. त्याने बाहेरचे शेतकरी आणि कारागीर आपल्या राज्यात आणून वसविले. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार समाज पसरला तोही याच काळापासून, असे मानले जाते. कोहळी समाजाने झाडीत तलाव बांधले. नवेगावचा बांध आजही त्यांच्या कसबाची साक्ष देतो. म्हणजे गोंडांचा मुलूख हा केवळ गोंडांच्या वस्तीचा मुलूख कधीच नव्हता. राज्य गोंडांचे, नांगर अनेकांचे, तलाव कोहळ्यांचे, मासळी ढिवराची, असा तो व्यवहार होता. हे ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पुढे याच मुद्द्याशी आपल्याला परत यावयाचे आहे.

मराठी दप्तरात गोंडवन हे नाव वऱ्हाडाच्या जोडीने येते. नागपूरकर भोसल्यांच्या चौथाईच्या कारभारात वऱ्हाड आणि गोंडवन हे जोडशब्दच झाले होते. देवगडच्या गादीवरील भाऊबंदकीत मध्यस्थ म्हणून रघूजी भोसले आले, आणि १७४३ पर्यंत सत्ता त्यांच्या हाती गेली. नागपूरचा गोंडराजा पेन्शनीचा धनी होऊन राहिला. १७५१ मध्ये चांदाही गेले. राज्ये बुडाली, पण नाव टिकले. इंग्रजांच्या जुन्या नकाशांतही नागपूरच्या आजूबाजूस मोठ्या अक्षरांत ते लिहिलेले आढळते.

दिशेचे नाव

तिसरा रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला, आणि पुढील वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूरचा प्रांत आणि सागर-नर्मदेचा प्रदेश एक करून इंग्रजांनी एक नवा प्रांत बनविला. त्याला नाव पाहिजे होते. गोंडवन हे नाव नकाशावर तयार होते, आणि नव्या प्रांताचा पुष्कळसा भाग त्या नावात बसतही होता. पण त्यांनी ते घेतले नाही. त्यांनी नाव ठेवले मध्यप्रांत.

श्रोतेहो, या नावाचा क्षणभर विचार करा. मध्य, पण कशाचा मध्य? येथील कोणत्याही शेतकऱ्याचा मध्य त्याच्या गावात असतो. मध्यप्रांताचा मध्य होता तो मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन ठाण्यांच्या हिशेबाने. नकाशा पसरून टेबलाशी बसलेल्या मनुष्याला जो तुकडा मधोमध दिसला, त्याचे नाव मध्यप्रांत. तिकडे वर वायव्य प्रांत, इकडे मध्यप्रांत! अशा नावात राजा नाही, लोक नाहीत, नदी नाही, भाषा नाही. गोदामातील गठ्ठ्यावर जसा क्रमांक घालतात तसा हा प्रकार झाला.

नावातून माणूस गेला, आणि पाठोपाठ तो जंगलातूनही जाऊ लागला. १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारीचे हक्क पक्के झाले. सारा गोळा करणारा मनुष्य जमिनीचा मालक ठरला. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी राने सरकारी झाली. झाडे तोडून, जाळून त्या राखेत पेरण्याची जुनी शेतीची पद्धत गुन्हा ठरली. ज्या रानाला लोक आपले म्हणत ते राखीव झाले. कोणासाठी राखले? रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान पाहिजे होते. आपल्या गावाचे भाग्यही त्याच रेल्वेने उघडले हे खरे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या फाट्यावर गोंदिया वाढले. पण जंक्शनावर उतरणाऱ्या प्रत्येक लाकडामागे एखाद्या टोल्याचा हक्क गेला होता, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या जिल्ह्यातील एक लहान उदाहरण देतो. कोहळ्यांनी व इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांना आज आपण मामा तलाव म्हणतो. मुलांना वाटते की हे कोणा मामाचे तलाव असावेत. वस्तुतः मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव असे पडले, आणि त्याची दोन अक्षरे उरली. ज्याने माती वाहिली त्याचे नाव तलावाला नाही. ज्याने पाणीपट्टी घेतली त्याचे आहे, तेही माजी म्हणून.

दिशेचे नाव किती पोकळ असते हे पुढे दिसले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले, पुढे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड झाले. १९५० मध्ये त्याचे मध्यप्रदेश झाले, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. मध्यप्रदेश हे नाव मात्र उचलून भोपाळला नेले, आणि ज्या प्रदेशांना ते पूर्वी कधी लागू नव्हते त्यांना लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. १९३० च्या सुमारास गोंदियात जन्मलेला मनुष्य आपल्या उंबरठ्यावरून न हलता चार प्रांतनामांत आणि दोन जिल्ह्यांत राहिला. यांपैकी दोन बदल कामगारदिनी व्हावेत हा योगायोग आम्हांला गोड वाटतो. पण घरखेप बिडीचा हिशेब त्या दिवशी बदलला नाही.

दगडांचे नाव

मध्यप्रांताच्या दप्तरातून बाहेर राहिलेले हे नाव पुढे कोठे गेले, ही या इतिहासातील सर्वांत नवलाची गोष्ट आहे. ते दगडांकडे गेले.

वर उल्लेखिलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. ते धर्मप्रसाराला आले हे खरे, पण त्यांना दोन छंद होते. एक छंद लोकांचा : खेड्यांत जाऊन गोंडांच्या चालीरीती, शब्द आणि गाणी उतरून घ्यावयाची. दुसरा छंद दगडांचा : सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूर-कामठीच्या आसपासच्या खाणींत हिंडून दगडात उमटलेली पाने गोळा करावयाची. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडून वारले. त्यांचे आदिवासींविषयीचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये नागपुरास छापून प्रसिद्ध केले. त्यात लिंगोची मोठी गाथा आहे. परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, ती गात. महादेवाने गोंडांना डोंगरातील गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांना सोडवून कुळे व देव वाटून दिले, असे तिचे कथानक आहे.

एकाच मनुष्याच्या पेटीत एका बाजूस गोंडांची गाथा आणि दुसऱ्या बाजूस दगडातील पाने! पुढे पानांचे भाग्य उघडले, गाथेचे उघडले नाही. भारतीय भूविज्ञान खात्यातील हेन्री मेडलिकॉट हे नर्मदेच्या दक्षिणेस कोळसा शोधीत होते. तेथे सापडलेल्या थरांना १८७२ मध्ये त्यांनी तेथील जुन्या गोंड राज्यांवरून गोंडवाना हे नाव दिले, आणि त्यांचे सहकारी फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापील स्वरूपात आणले. या थरांची खूण म्हणजे जिभेच्या आकाराचे एक पान, शास्त्रीय नाव ग्लॉसॉप्टेरिस. तेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडू लागले. समुद्रापलीकडे एकच झाड कसे वाढले? ऑस्ट्रियाचे एदुआर्द झ्यूस यांनी १८८५ मध्ये असे मांडले की हे भूभाग एके काळी एकत्र जोडलेले असले पाहिजेत, आणि त्या प्राचीन भूमीस त्यांनी गोंडवाना-लँड हे नाव दिले. वाना म्हणजेच भूमी असे मानले तर हे नाव पाण्याला जलपाणी म्हणण्यासारखे झाले. पण ते रूढ झाले खरे.

१९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. अन्न आणि इंधन संपत आले तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत तेच पान होते. म्हणजे अंटार्क्टिकाही त्याच भूमीचा तुकडा! त्याच वर्षी जर्मनीत वेगेनर यांनी खंडे सरकतात असा सिद्धांत मांडला. तो मान्य व्हावयास अर्धशतक लागले. आज असे मानतात की ही महाभूमी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी फुटू लागली आणि तिचाच एक तुकडा उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला. त्या टकरीतून हिमालय उठला.

ज्या लोकांना आपल्या रानात कुऱ्हाड नेण्याची बंदी झाली, त्यांच्या नावाने अर्ध्या पृथ्वीचा भूगोल सांगितला जाऊ लागला. याचा अभिमान वाटावा की खेद, असा प्रश्न पडतो. आमचे उत्तर असे आहे की आधी हिशेब पाहावा. भारतातील कोळशाच्या साठ्यांपैकी जवळजवळ ९८ टक्के साठा या गोंडवाना थरांत आहे. वरोऱ्याची खाण १८७० नंतर सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. बल्लारपूर-घुग्घुसपासून पार छत्तीसगड-झारखंडापर्यंत आजच्या खाणी याच थरांवर आहेत. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही. त्यांनी निदान नाव तरी जपले. पण 'गोंडवाना' म्हणताच कोळसा आठवावा आणि कोइतूर आठवू नये, अशी जी स्थिती झाली ती देश मालाच्या नावाने ओळखण्यातलीच झाली. आफ्रिकेत इंग्रजांनी एका देशाचे नाव सोन्याचा किनारा असे ठेवले होते. तेथील लोकांनी १९५७ मध्ये स्वतंत्र होताच ते टाकून घाना हे नाव घेतले. जुन्या घाना राज्याची जागा त्यांच्या सरहद्दीबाहेर, दूर वायव्येस होती हे त्यांना ठाऊक होते. पण मालाऐवजी माणसांचे नाव हवे, एवढे त्यांना निश्चित कळले होते.

नाव परत मागणारे

आता या नावाच्या अखेरच्या वळणाकडे येतो. जे नाव शेजाऱ्यांनी ठेवले, दरबाराने वापरले, इंग्रजांनी टाकले आणि शास्त्राने दगडांना दिले, ते विसाव्या शतकात गोंडांनी स्वतः उचलले. भूमी तयारच होती. १८५७ च्या सप्टेंबरात जबलपुरास राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले. १८५८ च्या ऑक्टोबरात चांद्यास बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले. १९४० मध्ये निजामाच्या मुलखात कोमराम भीम जल-जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढताना पडले. या तीन घटना निरनिराळ्या प्रदेशांच्या इतिहासात लिहिल्या जात. गोंडवन हे नाव मनात धरले की त्या एका इतिहासात येतात. नाव परत घेण्याचा पहिला लाभ हा आहे.

पुढे राज्यपुनर्रचना झाली ती भाषेवर. भाषिक राज्यांच्या मागणीत आमच्या आधीच्या पिढीतील कामगार चळवळीने मनापासून भाग घेतला, आणि आम्हांला ती न्याय्यच वाटते. परंतु त्या न्यायात एक फट राहिली. मराठीला राज्य मिळाले, तेलुगूला मिळाले, उडियाला आधीच होते. गोंडी मात्र सहा राज्यांत वाटली गेली आणि प्रत्येक राज्यात ती थोड्यांची भाषा ठरली. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, तर गोंड म्हणून नोंदलेले लोक एक कोटीहून अधिक. मधली मंडळी मराठी, हिंदी, तेलुगू बोलतात. भाषा गेली तरी नाव सांगणारे उरतात, आणि नावच त्यांचा दुवा होते. १९९१ मध्ये गोंडवाना गणतंत्र पार्टी निघाली. वेगळ्या गोंडवाना राज्याची मागणी पुनःपुन्हा झाली. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले.

याहून मोठी गोष्ट आपल्या जिल्ह्यातच दरवर्षी घडते. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनाजवळ कचारगडाची विशाल गुहा आहे. लिंगोने ज्या गुहेतून आपल्या लोकांना मुक्त केले ती हीच, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेस मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा मुलखांतून लोक तेथे येतात. आगगाडी आल्यावर दरेकशाच्या फलाटावर उभे राहावे : पाच राज्यांच्या बोली, पाच तऱ्हांची लुगडी, आणि कुळदेवतांची निशाणे एकच. ज्यांना नकाशावरचा गोंडवन दिसत नाही त्यांनी तो तेथे पाहावा.

नावाचा उपयोग

येथे काही मित्र शंका काढतात, आणि ती टाळण्यासारखी नाही. ते म्हणतात, गोंडवन म्हटले तर आम्ही कोण? आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आले, आम्ही जमीन कसली, तलाव बांधले. आम्ही येथे पाहुणे काय? या शंकेला उत्तर बख्त बुलंदशाहाच्या कारभारातच आहे. गोंडांचा मुलूख होता तेव्हाच त्यात पोवार होते, कोहळी होते, कुणबी, तेली, महार, हलबा, ढिवर होते. बरेच तर राजानेच बोलावून आणले. ज्या नावाखाली तेव्हा सर्वांना जागा होती, त्याखाली आज कोणास परके ठरविण्याचे कारण नाही. आणि कोणी तसा अर्थ लावू लागला तर तो इतिहासाला सोडून बोलतो, असे आम्ही त्याला तोंडावर सांगू. परंतु ही खात्री एका बाजूने पुरत नाही. ज्यांचे रान राखीव झाले, ज्यांच्या पायाखालचा कोळसा गेला, त्यांना आपल्यापेक्षा आधीचा आणि मोठा हिशेब मागावयाचा आहे, हे बाकीच्यांनी कबूल केले पाहिजे.

तो हिशेब नुसत्या पाट्या बदलून चुकता होत नाही. स्टेशनाला राणीचे नाव द्या, गाडीला गोंडवाना एक्सप्रेस म्हणा, विद्यापीठाला नाव द्या. हे सर्व चांगले आहे आणि व्हावे. पण नावाची कसोटी अन्यत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपजावरील लोकांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा हक्क मिळविला. त्या दिवशी गावाच्या शिक्क्यावर जे नाव होते त्याला वजन आले, कारण त्यामागे माल विकण्याची सत्ता होती. गोंडी भाषा अद्याप घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पहिलीतल्या मुलाला त्याची भाषा शाळेच्या दारात सोडावी लागते. त्या मुलाला नावाचा उपयोग काय, हे आपण विचारले पाहिजे.

घटनेच्या पहिल्या कलमात आपल्या सबंध देशाची दोन नावे शेजारी लिहिली आहेत, इंडिया आणि भारत. त्यांपैकी इंडिया हे नाव सिंधू नदीवरून परक्यांनी पाडलेले. तरी आपण ते टाकले नाही, कारण त्या नावाने आपण जगाकडून हक्क मागू शकलो. परक्याने ठेवलेले नाव आपले होऊ शकते, मात्र त्यासाठी ते नाव धारण करणाराच्या हाती त्याचा कारभार यावा लागतो.

सध्या वैशाखाचे दिवस आहेत. आपण संध्याकाळच्या गारव्यात हे व्याख्यान ऐकत आहोत. याच दिवसांत झाडीतील बायामाणसे पहाटे रानात शिरून तेंदूची पाने तोडतात, दुपारी सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून देतात. फडमुन्शीच्या वहीत त्यांचे नाव आणि पुड्यांची संख्या उतरते. इंग्रजी नकाशावरील मोठी अक्षरे पुसली गेली, मध्यप्रांत गेला, मुंबई राज्य गेले. ही वही मात्र दरवर्षी उघडते. त्या वहीत नाव बरोबर लिहिले जाते की नाही, आणि नावापुढील आकडा लिहिणाऱ्याच्या मर्जीने ठरतो की पाने तोडणाऱ्याच्या ग्रामसभेत ठरतो, यावर गोंडवन या शब्दाचा आजचा अर्थ अवलंबून आहे. आपल्यापैकी ज्यांना हा विषय आवडला असेल, त्यांनी पुढील आठवड्यात एखाद्या फडावर जाऊन ती वही पाहून यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.